पैसे ‘आणले’ म्हणजे नक्की काय केलं?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहून गेलो की अमेरिकेत काँग्रेसमन (तिकडचा खासदार, पक्षाशी संबंध नाही) रस्ता बांधत नाही, तो फक्त रांगेत नंबर लावून देतो. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी सगळा कॉलम त्यालाच दिलाय. काही पत्रं चिडलेली आहेत, ती पण घेतलीत. मी स्वतः काही वर्षं एका काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखं) रस्ते खात्यात टेबलाच्या या बाजूला बसलोय, त्यामुळे थोडा पक्षपात आमच्यासारख्या कारकुनांच्या बाजूने होणार, तो समजून घ्या.

प्रश्न: आमच्या गावात रेल्वे फाटक आहे. मालगाडी उभी राहिली की वीस-वीस मिनिटं गाव दोन तुकड्यांत, ॲम्ब्युलन्स पण अडकते. दोन वर्षांपूर्वी आमच्या काँग्रेसमनचं पत्रक आलं की ओव्हरपाससाठी मी तीन मिलियन डॉलर आणले, फोटोत तो भलामोठा पुठ्ठ्याचा चेक. आजपर्यंत तिथे एक केशरी कोनसुद्धा ठेवलेला नाही. हा माणूस सरळ खोटं बोलतोय का? (एक वाचक, ओहायो)

खोटं नाही बोलत, पण ‘आणले’ हे क्रियापद जरा जास्त झालं. काय झालं असणार ते सांगतो. दर वर्षी साधारण वसंतात प्रत्येक काँग्रेसमनचं ऑफिस आपल्या भागातल्या गावांकडून, काउंट्यांकडून अर्ज मागवतं की कोणाला कशासाठी पैसे हवेत. २०२१ पासून हाउसमध्ये (काँग्रेस म्हणजे तिकडची संसद, तिचं हे खालचं सभागृह) याचं अधिकृत नाव कम्युनिटी प्रोजेक्ट फंडिंग आहे, सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, वेगळं नाव आहे, पण सगळे अजून इअरमार्कच म्हणतात. अर्ज शंभर येऊ देत, हाउसच्या सदस्याला पुढे पाठवता येतात मोजकेच, पहिल्या वर्षी १० होते, नंतर १५ केले. प्रत्येक मागणी स्वतःच्या वेबसाइटवर टाकायची आणि माझा किंवा माझ्या घरच्यांचा यात आर्थिक फायदा नाही असं सही करून द्यायचं. मग ते जातं खर्च मंजूर करणाऱ्या अप्रोप्रिएशन्स कमिटीच्या वाहतूक आणि घरबांधणीवाल्या उपसमितीकडे, तिथे काटछाट, मग दोन्ही सभागृहं, मग राष्ट्राध्यक्षांची सही. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं खरं, पण २०२४ च्या आर्थिक वर्षाच्या (ते ऑक्टोबर २०२३ लाच सुरू झालेलं) वाहतूक खर्चाच्या बिलावर सही झाली ९ मार्च २०२४ ला, म्हणजे निम्मं वर्ष आधीच संपत आलेलं.

बहुतेक याच टप्प्यावर तुमच्याकडे पत्रक आलं. पण यानंतर गंमत अशी की कोणीच कोणाला चेक देत नाही! हायवेचे फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचे, पैसे हे खर्च करा, बिलं दाखवा, मग परत मिळतील अशा पद्धतीचे असतात. म्हणजे त्या पुठ्ठ्याच्या चेकवरचा एक डॉलरही कुठल्या बँकेत जमा झालेला नसतो, तो चेक फोटो झाल्यावर कोणाच्या तरी गाडीच्या डिकीत जातो (आमच्या ऑफिसात एक कपाटामागे उभा होता, मी तिथे असेपर्यंत हलला नाही).

आणि पुढचं काम मग कारकुनांचं. राज्याच्या वाहतूक खात्याशी करार, प्रकल्प राज्याच्या अधिकृत कामांच्या यादीत आहे ना ते बघणं, पर्यावरणाची तपासणी, जागा घेणं, विजेच्या आणि गॅसच्या लाइनी हलवणं. तुमच्याकडे तर रेल्वे कंपनी पण आहे, तिच्या रुळांवरून पूल न्यायचा म्हणजे तिची लेखी परवानगी, आणि रेल्वे कंपन्यांना घाई नसते. ओहायोत अजून एक मजा म्हणजे वटवाघूळ. इंडियाना बॅट नावाचं संरक्षित वटवाघूळ उन्हाळ्यात झाडांच्या सुटलेल्या सालीखाली राहतं, त्यामुळे तशी झाडं साधारण १ ऑक्टोबर ते ३१ मार्च याच काळात तोडायची. एप्रिलमध्ये परवानगी हातात पडली तर झाडं ऑक्टोबरपर्यंत तशीच उभी, आणि गावातले लोक म्हणतात काउंटीवाले झोपलेत.

शिवाय तीन मिलियनमध्ये ओव्हरपास होत नाही हो. तीन मिलियनमध्ये ओव्हरपासचं डिझाइन होतं, फार तर थोडी जागा घेऊन होते. पत्रकात बारीक अक्षरात ‘इंजिनिअरिंगसाठी’ असं काही आहे का बघा एकदा. काँग्रेसमनच्या ऑफिसला फोन करून पैसे कुठे गेले असं विचारू नका, ते गुळगुळीत उत्तर देतील. हे पैसे कुठल्या टप्प्यासाठी आहेत, बाकीचे कुठून येणार आणि गावाने आपल्या वाट्याचा ठराव केलाय का, असं विचारा. तिसऱ्या प्रश्नाला समोरून शांतता आली तर समजा घोडं तिथेच अडलंय. बांधकामाच्या पैशासाठी फाटकं काढून टाकण्याची एक वेगळी ग्रँट २०२१ च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्यात आणली होती, पाच वर्षांत तीन बिलियन, तिच्यासाठी तुमच्या काउंटीने अर्ज केला होता का हे पण विचारून घ्या.

प्रश्न: माझा मुलगा टेक्सासला असतो. तो सांगतो ते ऐकून मला तर हा आपला खासदार निधीच वाटतो. मग त्यात एवढं काय? (एक वाचक, पुणे)

वाटतं तसं, पण नाही काकू. आपल्याकडे प्रत्येक खासदाराच्या नावावर दर वर्षी ठरलेली रक्कम असते, पाच कोटी, मग तो सत्तेतला असो नाहीतर विरोधी बाकावरचा. तिकडे तसा ठरलेला वाटाच नाही. मागण्या किती करायच्या यावर मर्यादा आहे, मिळणार किती यावर कोणाचाच शब्द नाही, कमिटीत वजन असलेल्याला जास्त आणि नवख्याला कमी हे उघड गुपित आहे. आपले बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ ची निवडणूक जिंकून डेट्रॉइटमधून हाउसमध्ये गेले, त्यांनाही हीच रांग, मराठी म्हणून वेगळी खिडकी नाही.

आणि मुळात रस्त्यांचा बहुतेक पैसा या वाटेने येतच नाही. पेट्रोलवर गॅलनमागे १८.४ सेंट फेडरल टॅक्स असतो, तो हायवे ट्रस्ट फंडात जातो आणि तिथून फॉर्म्युल्याने राज्यांना वाटला जातो, त्यात कोणाच्या ओळखीपाळखीचा संबंध नाही. तो १८.४ सेंटचा आकडा १९९३ पासून बदललेला नाही! टॅक्स वाढवायला कोणी तयार नाही, म्हणून २००८ पासून सरकारी तिजोरीतून त्या फंडात भर घालत बसलेत. माझं मत विचाराल तर खरा प्रश्न हा आहे, पण त्यावर फीत कापता येत नाही ना.

प्रश्न: इअरमार्क म्हणजे कायदेशीर खिरापत. हे बंद केलं होतं, ते पुन्हा सुरू कशाला केलं? तुमच्यासारखे लोक त्याला ‘स्थानिक गरज’ वगैरे गोंडस नावं देतात. (एक वाचक, व्हर्जिनिया)

रागावलात, पण तुमच्या रागाला इतिहास आहे हे मान्य. १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगननी हायवेचं बिल परत पाठवलं होतं, त्यात अशी शंभरावर कामं घुसवलेली होती म्हणून. काँग्रेसने त्यांचा व्हेटो मोडून काढला, सिनेटमध्ये ६७ विरुद्ध ३३, म्हणजे काठावर. आणि २००५ च्या बिलात ती कामं सहा हजारांवर गेली. त्यातलंच ते अलास्कातलं गाजलेलं प्रकरण. केचिकन गावासमोर ग्रॅव्हिना नावाचं बेट, त्यावर राहणारे जेमतेम पन्नास लोक, पण गावाचा एअरपोर्ट त्या बेटावर, आणि तिथे जायला काही मिनिटांची फेरी बोट. त्यासाठी पुलाला २२३ मिलियन डॉलर. हाउसच्या वाहतूक कमिटीचे अध्यक्ष तेव्हा अलास्काचेच डॉन यंग, आणि त्या बिलाच्या नावाच्या शेवटी ‘लू’ येईल अशी अक्षरं जुळवलेली, कारण त्यांच्या बायकोचं नाव लू! देशभर बोंब झाली, पूल शेवटी २००७ मध्ये बारगळला, पण पुलाला जोडणारा बेटावरचा रस्ता मात्र बांधून झाला. पूल नाही, रस्ता आहे. तो कुठेही जात नाही.

अजून एक माझं आवडतं उदाहरण. पेन्सिल्व्हेनियात अल्टूनावरून आय-९९ जातो. इंटरस्टेट म्हणजे तिकडचे राष्ट्रीय महामार्ग, त्यातल्या उत्तर-दक्षिण रस्त्यांचे नंबर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातात, त्या हिशेबाने ९९ हा पार समुद्राच्या बाजूला पाहिजे, आणि हा रस्ता आहे ७९ आणि ८१ च्या मधे. का, तर तिथले काँग्रेसमन बड शूस्टर १९९५ मध्ये वाहतूक कमिटीचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी त्यांनी नंबरच कायद्यात लिहून टाकला. रस्त्याचे नंबर ठरवणाऱ्यांनी काय करायचं, कायद्यातच लिहिलंय म्हटल्यावर! रस्त्याला नाव पण त्यांचंच. पुढे त्यांचा मुलगा बिल शूस्टर त्याच कमिटीचा अध्यक्ष झाला, तेव्हा घराणेशाही ही फक्त आपल्याकडची मक्तेदारी नाही बरं का.

२०११ पासून दहा वर्षं इअरमार्क बंद होते. तेव्हा काय झालं ते मी टेबलावरून बघितलंय. लहान गावांचे अर्ज थांबले नाहीत, ते फक्त वॉशिंग्टनच्या स्पर्धेच्या ग्रँटकडे वळले, आणि तिथला अर्ज लिहायला सल्लागार लागतो, खर्च आणि फायद्याचं गणित मांडायला अर्थतज्ज्ञ लागतो, मोठ्या शहरांकडे ती माणसं पगारावर असतात आणि दोन हजार वस्तीच्या गावात क्लार्कबाईच अकाउंटंट आणि क्लार्कबाईच कुत्र्यांचं लायसन्स देणार. शिवाय त्या ग्रँटचं नाव दर सरकारगणिक बदलतं, आधी टायगर, मग बिल्ड, मग रेझ, आणि आता परत बिल्ड. खिरापत वॉशिंग्टनला बंद झाली असं नाही झालं, ती कोण वाटणार तेवढं बदललं. आता निदान मागणारा कोण, कशासाठी, किती हे वेबसाइटवर दिसतं, खाजगी कंपनीला द्यायला बंदी आहे, सरकारचे ऑडिटवाले काही कामं तपासतात. मला हे जुन्यापेक्षा बरं वाटतं. तुम्हाला नसेल वाटत तर ठीक आहे.

प्रश्न: आमच्या बसडेपोचं नाव २०२५ च्या यादीत होतं, आकडा पण छापून आला होता. मग अचानक सगळं गायब. काँग्रेसमनला विचारलं तर म्हणतो माझ्या हातात नव्हतं. पटत नाही. (एक वाचक, इलिनॉय)

या एका वेळी त्याचं पटवून घ्या. २०२५ च्या वर्षासाठी काँग्रेसला नेहमीची बिलं पासच करता आली नाहीत, मार्च २०२५ मध्ये वर्षभराचं जुन्या आकड्यांवर चालवायचं बिल केलं आणि त्यात इअरमार्क एकही ठेवला नाही. कोणाचाच नाही, दोन्ही पक्षांचे हजारो गेले. कमिटीच्या यादीत नाव असणं म्हणजे लग्नाची बोलणी, अक्षता पडेपर्यंत काही खरं नाही. पुढच्या वर्षी परत मागायचं असतं, पण आपोआप होत नाही, अर्ज नव्याने भरावा लागतो, आणि कित्येक गावं तिथेच राहतात कारण त्यांना वाटतं आपलं नाव आहे की यादीत.

प्रश्न: आमच्या इथल्या साहेबांनी २०२१ च्या इन्फ्रास्ट्रक्चर बिलाला विरोधात मत दिलं आणि आता त्याच पैशातल्या पुलापुढे हेल्मेट घालून फोटो. याला काय म्हणायचं? (एक वाचक, केंटकी)

निर्लज्जपणा म्हणायचा मोह होतो, तसं म्हणा हवं तर. ते बिल हाउसमध्ये २२८ विरुद्ध २०६ ने पास झालं, रिपब्लिकन पक्षातल्या फक्त १३ जणांनी हो म्हटलं (त्यात वरचेच ते डॉन यंग, माणूस शेवटपर्यंत रस्त्यांशी प्रामाणिक!). तुमच्याच इथलं उदाहरण बघा, ओहायोतलं सिनसिनाटी आणि तुमच्या केंटकीतलं कोव्हिंग्टन यांना जोडणारा ब्रेंट स्पेन्स पूल. १९६३ चा, दिवसाला ८० हजार गाड्यांसाठी बांधलेला, धावतात एक लाख साठ हजारांच्या आसपास. १९८५ मध्ये जास्त लेन काढायच्या म्हणून कडेची मोकळी पट्टी पण खाऊन टाकली, गाडी बंद पडली तर थांबायला जागा नाही. वर्षानुवर्षं प्रत्येक निवडणुकीत या पुलाचं आश्वासन. शेवटी ओहायोचे सिनेटर रॉब पोर्टमन वाटाघाटीला बसले, केंटकीचे सिनेटर, रिपब्लिकन नेते मॅकॉनेल यांनी आपल्या पक्षाची नाराजी घेऊन हो म्हटलं, आणि त्यातून १.६ बिलियनच्या आसपास ग्रँट आली. जानेवारी २०२३ मध्ये बायडन आणि मॅकॉनेल पुलाजवळ एकाच मंचावर उभे होते. त्या परिसरातल्या हाउसच्या मंडळींनी मात्र नकारच दिला होता.

पण एक बाजू सांगतो, ती पटवून घेणं मला पण जड गेलंय. बिलाला विरोध केला म्हणून बिल पास झाल्यावर आपल्या भागाने पैसे मागूच नयेत असं नाही, टॅक्स तुमच्या इथल्या लोकांनीही भरलाय. अर्ज करा, सपोर्टचं पत्र द्या, ते कामच आहे. फक्त फोटोखाली ‘मी आणले’ लिहू नका एवढीच अपेक्षा, आणि ती सुद्धा जास्त ठरते.

प्रश्न: बाल्टिमोरचा पूल पडला तेव्हा शंभर टक्के पैसे फेडरलने दिले. मग आमच्या गावच्या पुलाला २० टक्के तुम्ही घाला असं का सांगतात? आमचा पूल पडायची वाट बघायची का? (एक वाचक, मेरीलँड)

बोचरा प्रश्न आहे. साधारण नियम ८० टक्के फेडरल, २० टक्के स्थानिक. बाल्टिमोरचा तो पूल (नाव ‘की’ ब्रिज) २६ मार्च २०२४ ला दाली जहाजाच्या धडकेने पडला (जहाजावरचे बहुतेक खलाशी आपले भारतीय होते, आठवत असेल), पुलावर काम करणारे सहा मजूर गेले. आपत्तीच्या नियमाने अशा इंटरस्टेटवरच्या पुलाला कायमच्या बांधकामासाठी ९० टक्के मिळू शकतात, शंभर नाही. उरलेल्या १० टक्क्यांसाठी मेरीलँडचे सिनेटर आणि काँग्रेसमन नऊ महिने मागे लागले होते. अट अशी मान्य केली की विम्याचे आणि कोर्टातून मिळतील ते पैसे फेडरलला परत करू. डिसेंबर २०२४ मध्ये सरकार बंद पडू नये म्हणून जे बिल घाईघाईत पास झालं त्यात हे कलम बसलं. कामगिरी म्हणायची तर अशी. यात ना पुठ्ठ्याचा चेक, ना फीत, कायद्यातला एक आकडा बदलला, बस. आणि त्या वेळी पुलाचा अंदाज दोन बिलियनच्या आत होता, २०२५ च्या शेवटी तो ४.३ ते ५.२ बिलियनवर गेला, म्हणजे त्या १० टक्क्यांची किंमत आता किती झाली करा हिशेब.

तुमच्या गावचा पूल पडू नये हीच इच्छा, आणि २० टक्के घालावेच लागतील. काही राज्यं लहान गावांचा वाटा उचलतात, तिथे आधी विचारा.

प्रश्न: आमच्या मुलांना बसस्टॉपपर्यंत रस्त्याच्या कडेने चालत जावं लागतं, फुटपाथ नाही, गाड्या ताशी ४५ मैलांच्या स्पीडने. आम्ही दहा-बारा पालक आहोत. काँग्रेसमनला भेटायचंय, काय घेऊन जाऊ? (एक वाचक, नॉर्थ कॅरोलिना)

आधी काय घेऊन जाऊ नका ते सांगतो. ऑनलाइन सह्यांची याचिका एकटीच घेऊन जाऊ नका. पालकांच्या ग्रुपला पैसे मिळत नाहीत, मागणारी टाउन किंवा काउंटी पाहिजे, म्हणून पहिली फेरी टाउनच्या इंजिनिअरकडे. तो कंटाळलेला दिसेल, तरी जा. रस्ता कुठल्या वर्गातला आहे ते विचारा, कारण कॉलनीतली गल्ली असेल तर हायवेच्या पैशात सहसा बसत नाही, पण ४५ च्या स्पीडचा म्हणताय म्हणजे मोठा असणार. मग त्या भागाची जी वाहतूक नियोजन संस्था असते, एमपीओ म्हणतात, तिच्या कामांच्या यादीत हा फुटपाथ घालून घ्या. त्या मीटिंगला नागरिक जवळजवळ कोणी जात नाही, तुम्ही चार जण जरी मुलांना घेऊन बसलात तरी लोक वळून बघतील.

हे सगळं हिवाळ्यातच करायचं, अर्ज वसंतात मागवतात आणि मुदत दोन-तीन आठवड्यांची असते. मग काँग्रेसमनच्या तुमच्या गावाजवळच्या ऑफिसात जा, वॉशिंग्टनला ईमेल टाकून बसू नका. भेटेल ती पंचविशीतली एखादी मुलगी, साहेब नाही भेटणार, पण पहिल्या चाळणीत काय राहणार हे तीच ठरवते, तेव्हा तिला साहेबांइतकाच मान द्या. तिला एका पानात हवं असतं, नकाशा, खर्चाचा इंजिनिअरच्या सहीचा अंदाज, २० टक्के टाउन देणार असा ठराव, शाळेचं आणि शेरीफचं पत्र, आणि बांधल्यावर बर्फ कोण काढणार, दुरुस्ती कोण करणार. या शेवटच्या मुद्द्यावर मी बरेच अर्ज मेलेले बघितलेत. आणि तुमच्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांच्या ऑफिसांना तोच कागद द्या, एकाच कामासाठी हाउस आणि सिनेट दोन्हीकडून मागणी गेली तर फायदाच.

समजा मिळाले, तर एक गोष्ट फ्रिजवर चिकटवून ठेवा, राज्याच्या खात्याचं काम सुरू करा असं पत्र येईपर्यंत एक फावडंसुद्धा मारायचं नाही. आमच्याकडे एका टाउनचा सुपरवायझर होता, अतिशय भला माणूस, थंडी पडायच्या आत मुलांना फुटपाथ द्यायचा म्हणून त्याने सप्टेंबरात कंत्राटदाराला हो म्हणून टाकलं. पत्र आलं नोव्हेंबरात. त्याआधी ओतलेल्या काँक्रीटचे पैसे फेडरलने दिले नाहीत, देताच येत नाहीत, आणि टाउनला ते रस्त्यावरचा बर्फ वितळवायच्या मिठाच्या बजेटमधून भरावे लागले. त्या हिवाळ्यात तिथले रस्ते घसरडे होते, फुटपाथ मात्र झकास झाला होता.